पीलच्या बाटलीत काय होतं, ते लिहून मिळू द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

‘कोणतं ॲसिड लावलं? किती टक्के? किती मिनिटं ठेवलं?’ त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी माझ्या भाचीला हे तीन प्रश्न विचारले आणि तिच्यापाशी एकाचंही उत्तर नव्हतं. ज्या पार्लरमध्ये तिने केमिकल पील, म्हणजे ॲसिड लावून चेहऱ्याची वरची त्वचा काढण्याचा उपचार, करून घेतलं होतं तिथे आम्ही लगेच फोन लावला. तिथल्या मुलीलाही सांगता येईना. बाटलीवरचं लेबल निघून गेलंय, म्हणाली. मी अठ्ठावीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. लेबल नसलेली बाटली प्रयोगशाळेत कुणालाही उघडू दिली नाही. तशी बाटली आमच्या मुलीच्या गालावर रिकामी झाली, हे अजून मनातून जात नाही.

गोष्ट गेल्या एप्रिलमधली. घरातलं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. भाचीच्या गालांवर मुरुमांचे जुने डाग होते आणि ‘एका सीटिंगमध्ये जातील’ असं तिला सांगण्यात आलं. लावल्यावर खूप आग झाली, तर ‘तेवढं होतंच’ म्हणून गप्प बसवलं. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी तोंडाला स्कार्फ गुंडाळून स्कूटीवरून अंबडला कामावर गेली. तिसऱ्या दिवशी खपल्या धरल्या. त्या पडल्या तिथे आधीच्या डागांपेक्षा मोठे काळे चट्टे उठले. हळदीच्या एकाही फोटोत ती नाही.

हे वाचून कुणी पीलच्या नावाने कानाला खडा लावू नये. उपचार चांगला आहे, जाणत्या हातात हवा, एवढंच. आम्ल लावून त्वचेचा वरचा थर मोजूनमापून सैल करायचा, तो काही दिवसांत सुटतो आणि खालून नवी त्वचा येते. मुरुम, त्यांचे डाग, वांग यांवर त्याचा उपयोग होतो. पण प्रत्येक आम्लाची चाल वेगळी. सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळतं, म्हणून तेलकट, मुरुमांच्या त्वचेत छिद्रांपर्यंत पोचतं. मूळ उसातही सापडणारं ग्लायकोलिक आम्ल रेणूने लहान, त्यामुळे झपाट्याने आत शिरतं. ते वेळ पाहून खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाने थांबवावं लागतं. मँडेलिकचा रेणू मोठा, ते सावकाश उतरतं. ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल त्वचेतली प्रथिनं गोठवतं. त्वचा पांढरी पडते, आणि ते सोड्याने आवरता येत नाही. फिनॉलचं खोल पील तर हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून करावं लागतं. या सगळ्यांना बाहेर एकच नाव, ‘पील’. आणि एकाच आम्लाचं तीस टक्के द्रावण वेगळं, सत्तर टक्के वेगळं. टक्केवारीइतकाच त्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, महत्त्वाचा आणि घड्याळातली मिनिटंही.

आपल्या सावळ्या, गव्हाळ त्वचेला एक जास्तीचा धोका असतो. तिला इजा झाली की रंगपेशी चिडतात आणि जास्त रंगद्रव्य तयार करतात. ते चट्टे जायला महिनोन् महिने लागतात. म्हणून डॉक्टर आधी दोन ते चार आठवडे त्वचेची तयारी करून घेतात, सनस्क्रीन आणि मलमं देतात. मग सौम्य पील, तेही काही आठवड्यांच्या अंतराने, अनेक वेळा. लग्नाला आठ दिवस उरलेले असताना कुणी पहिलं पील करा म्हणालं, तर तिथून उठून यावं. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, उडी मारायची असेल तर त्याच्या तोंडावरही नको. द्राक्षांच्या हंगामात दिवसभर बागेत उन्हात राबणाऱ्या बायकांनी वांगासाठी पील करायचं असेल, तर उन्हाचं डॉक्टरांना आधी सांगावं. गरोदरपण, ओठांवर वारंवार उठणारी नागीण, मुरुमांसाठी चालू असलेल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, हेही लपवू नये. गोरं होण्यासाठी मेडिकलमधून आणून लावलेलं मलम तर सोबतच न्यावं. त्यात स्टिरॉइड असेल तर त्वचा आधीच पातळ झालेली असते.

आता तर या बाटल्या ऑनलाइन घरपोच मिळतात. तीव्र आम्लांची पील घरच्या घरी करू नका, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०२४ मध्ये दिला. कॉलेज रोड, गंगापूर रोडवर दर चार पावलांवर स्किन क्लिनिकची पाटी दिसते. त्यातल्या कोणत्या पाटीमागे त्वचारोगाची पदवी घेतलेला डॉक्टर आहे, हे बाहेरून कळायला मार्ग नाही.

माझी मागणी छोटी आहे. जिथे पील केलं जातं तिथे करणाऱ्याचं नाव, पदवी आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक दर्शनी भागात लावलेला असावा. आणि पील झाल्यावर आम्लाचं नाव, टक्केवारी, मिनिटं आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी हातात मिळावी. महापालिकेचा आरोग्य विभाग आणि अन्न व औषध प्रशासन यांनी मनावर घेतलं तर हे अवघड नाही. आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच आहे, त्यांनीही यात लक्ष घालावं. तोवर ही चिठ्ठी आपणच मागावी. द्यायला कुणी कां-कूं केलं, तर चेहरा पुढे करू नये.

भाचीचे चट्टे उतरायला दिवाळी उजाडली. त्यानंतर त्याच डॉक्टरांनी जुन्या डागांसाठी तिला सौम्य मँडेलिक पील सुरू केलं. पहिल्या वेळी त्यांनी केसपेपरवर आम्ल, टक्के आणि मिनिटं लिहिली. तिने त्या कागदाचा फोटो काढला आणि खोलीतून बाहेर येण्याआधी मला पाठवला.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
इंदिरानगर, नाशिक