शिक्षकांच्या मनःस्वास्थ्यासाठी शिक्षण परिषदेतला एक तास राखून ठेवावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, शैक्षणिक संस्थांतील शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक प्रथमोपचाराचे आणि धोक्याच्या खुणा ओळखण्याचे प्रशिक्षण द्यावे, असे बंधन आहे. या निर्देशाचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र मुलाचे दुःख ओळखायला शिकलेल्या शिक्षकाने ते ओळखल्यानंतर स्वतः कोणाजवळ बोलावे, याची कोणतीही व्यवस्था आपल्या शाळांत आज नाही. मराठवाड्यात जिल्हा परिषद शाळांतील शिक्षक आणि पुढे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांच्या गटाचा पर्यवेक्षक, म्हणून माझी नोकरी झाली. त्या अनुभवाच्या आधारे, ही व्यवस्था फारसा खर्च न करता उभी राहू शकते, हे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आमच्या भागातील वर्गात मुले काय घेऊन येतात, हे शहरी वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. दिवाळीच्या सुमारास आईवडील ऊसतोडीला निघून जातात आणि मूल आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहते, नाहीतर आईवडिलांबरोबर उसाच्या फडात जाते आणि मार्च-एप्रिलमध्ये परतते तेव्हा वर्ग बराच पुढे गेलेला असतो. काही घरांत कर्जापायी बापाने आत्महत्या केलेली असते, काही घरांत दारू आणि रोजची मारहाण असते, तर एखाद्या मुलीचे लग्न ठरल्याची कुणकुण शिक्षकाला तिच्या मैत्रिणींकडून लागते. अशा मुलाचे वर्गातले वागणे वरवर पाहता अभ्यासातील हयगय किंवा दांडगाई वाटते. ते तासाला झोपते, क्षुल्लक कारणावरून दुसऱ्याच्या अंगावर धावते, किंवा चार वेळा विचारूनही तोंड उघडत नाही. भीतीच्या सावटाखाली वाढलेल्या मुलाचे शरीर सतत सावध असते आणि त्यामुळे लक्ष, स्मरण आणि राग आवरण्याची शक्ती या तिन्हींवर परिणाम होतो, हे आता मानसशास्त्रात सर्वमान्य आहे. म्हणूनच ‘तुला काय झाले आहे’ असे खडसावण्यापूर्वी ‘तुझ्यावर काय गुदरले आहे’ याचा विचार करणारी, म्हणजे आघाताचे भान ठेवणारी अध्यापनपद्धती आवश्यक ठरते.

प्रत्यक्षात या पद्धतीच्या गोष्टी साध्या असतात. दिवसाचा क्रम शक्यतो ठरलेला ठेवणे, आवाज न चढवणे, उशिरा आलेल्या मुलाला सर्वांसमोर कारण न विचारणे, ही त्यातली काही उदाहरणे. एका शाळेत मी पाहिले की, प्रगतिपुस्तकावर ‘उद्या वडिलांची सही घेऊन या’ असे बाईंनी संपूर्ण वर्गाला सांगताच तिसरीतल्या एका मुलाने प्रगतिपुस्तक दप्तरात कोंबले आणि पुढचे दोन दिवस तो शाळेकडे फिरकलाच नाही. त्याचे वडील त्याच वर्षी गेले होते. बाईंच्या मनात काहीही वाईट नव्हते. त्या या शाळेवर नव्याने बदलून आल्या होत्या आणि ही गोष्ट त्यांना कोणी सांगितलीच नव्हती. पुढे त्यांनी ‘घरातल्या मोठ्या माणसाची सही’ असे म्हणायला सुरुवात केली. हा एवढासा बदल सुचण्यासाठीसुद्धा झालेल्या प्रसंगाकडे कोणाच्या तरी सोबतीने, शांतपणे वळून पाहावे लागते.

याची दुसरी बाजू शिक्षकाच्या मनाची आहे. सतत दुसऱ्याच्या वेदनेच्या सहवासात राहणाऱ्या माणसावर तिचा भार साचत जातो. झोप उडते, चिडचिड वाढते, आणि शेवटी काहीच वाटेनासे होते. समुपदेशकांना त्यांच्या व्यवसायात अनुभवी सहकाऱ्याचे नियमित पर्यवेक्षण मिळते, कारण ऐकणाऱ्यालाही आधार लागतो हे त्या क्षेत्राने फार पूर्वी मान्य केले आहे. त्याच कहाण्या ऐकणाऱ्या शिक्षकाला आणि अंगणवाडी सेविकेला मात्र असे काहीही मिळत नाही. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि ते योग्यच आहे. परंतु अशी तक्रार दिलेल्या एका शिक्षिकेची अवस्था मी जवळून पाहिली आहे. जबाब नोंदवून आल्यावर गावातल्या काही घरांनी त्यांच्याशी बोलणे टाकले, वरिष्ठ कार्यालयातून विहित नमुन्यातील अहवाल तातडीने मागवला गेला, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना त्याच वर्गात गणिताचा तास घ्यावा लागला. ‘बाई, तुम्ही कशा आहात?’ हा प्रश्न त्यांना कार्यालयातल्या कोणीही विचारला नाही.

यावर चिंतनशील पर्यवेक्षण, म्हणजे आपल्या कामातील प्रसंगाकडे कोणाच्या तरी सोबतीने शांतपणे वळून पाहणे, हा सुज्ञ उपाय आहे आणि त्याचा सांगाडा आपल्याकडे तयार आहे. महाराष्ट्रात १९९४ पासून केंद्रप्रमुखांची पदे आहेत आणि केंद्रस्तरावर, म्हणजे अशा शाळांच्या गटात, शिक्षकांची बैठक म्हणजेच शिक्षण परिषद भरते. आज तिथे बहुतेक वेळ अपूर्ण ऑनलाइन माहितीच्या याद्या वाचण्यात आणि नव्या सूचना ऐकवण्यात जातो. यातला एक तास दरमहा राखून ठेवावा. सहा ते आठ शिक्षकांनी गोलात बसावे आणि त्यांपैकी एकाने आपल्या वर्गातील एकच प्रसंग सविस्तर सांगावा. बाकीच्यांनी लगेच सल्ला देऊ नये. मुलाने काय केले, त्या क्षणी तुमच्या मनात काय आले, मुलाला खरे तर काय हवे असावे, पुढच्या वेळी काय वेगळे करता येईल, असे प्रश्न सावकाश विचारावेत. हा तास नेमाने, ठरलेल्या दिवशी झाला पाहिजे. वरून बैठक लागली म्हणून तो सर्वांत आधी रद्द होऊ लागला, तर शिक्षकांचा त्यावरचा विश्वास उडेल.

यातली सर्वांत महत्त्वाची अट ही, की ज्यांचा शेरा शिक्षकाच्या गोपनीय अहवालावर जातो, त्या अधिकाऱ्याने हा तास घेऊ नये. ‘माझा वर्गावर ताबा राहत नाही, मला मुलांचा राग येऊ लागला आहे’ असे आपल्याच वरिष्ठापुढे कोण बोलेल? मी स्वतः केंद्रप्रमुख होतो आणि माझ्यासमोर शिक्षक किती जपून बोलत, हे मी जाणतो. म्हणून शेजारच्या केंद्राच्या केंद्रप्रमुखाने किंवा डाएटच्या, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या, अधिव्याख्यात्याने हे काम करावे. तिथे झालेले बोलणे बाहेर जाणार नाही, याची हमी असावी. मुलाच्या जिवाला धोका असेल किंवा पॉक्सोखाली कळवण्याजोगी बाब असेल, तिथे मात्र कायद्याचे कर्तव्य आधी, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. हे काम करणाऱ्यांनाही प्रशिक्षण आणि वर्षातून काही वेळा जाणकार मानसोपचारतज्ज्ञाचे मार्गदर्शन मिळावे. बालविकास विभागात अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविकांच्या बीट बैठकीत (त्यांच्या भागातील सेविकांच्या बैठकीत) हीच रचना सहज बसू शकते.

वेळ कुठून आणायचा, असा आक्षेप घेतला जाईल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असे म्हटले आहे. हे दहा-बारा तास त्यातच धरावेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहेच, असेही कोणी म्हणेल. ती सेवा मोलाची आहे, पण तिथे माणूस एकटा आणि बहुधा त्रास असह्य झाल्यावर फोन करतो, तर मी सुचवतो ती व्यवस्था कामाचाच भाग असेल. मात्र एक बाब निःसंदिग्धपणे सांगतो. रिक्त पदे तशीच ठेवून, दोन शिक्षकांवर चार-पाच वर्ग सोपवून आणि दररोज नव्या लिंक भरायला लावून वर हा एक तास दिला, तर ती शिक्षकांची फसवणूक ठरेल. शिक्षकांच्या थकव्याची कारणे जिथे प्रशासकीय आहेत, तिथे उपायही प्रशासकीयच हवेत.

शालेय शिक्षण विभागाला माझी विनंती आहे की, हंगामी स्थलांतर जास्त असलेल्या तालुक्यांतील काही केंद्रे निवडून येत्या शैक्षणिक वर्षापासून हा प्रयोग सुरू करावा. तास घेणाऱ्यांचे प्रशिक्षण उन्हाळी सुटीत उरकावे, म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या निघण्यापूर्वी दोन-तीन बैठका होऊन शिक्षकांना या बोलण्याची सवय झालेली असेल. शिवाय शाळेत एखाद्या मुलाचा मृत्यू किंवा अत्याचाराची घटना घडल्यास, डाएटच्या प्रतिनिधीने आठवड्याच्या आत त्या शाळेत जाऊन शिक्षकांसोबत बसावे आणि त्या भेटीत कोणताही अहवाल मागू नये, असा स्वतंत्र आदेश काढावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त केंद्रप्रमुख, मराठवाडा