लेखातला नवरा कुठे गेला?

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीत वंध्यत्वावर लेख आला की सोबतचा फोटो ठरलेला: खिडकीपाशी बसलेली एकटी बाई. नवरा फोटोत नसतो, आणि बहुतेकदा मजकुरातही नसतो. खरं तर मूल न राहणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण, एकटं किंवा इतर कारणांच्या जोडीने, सापडतं.

मी 34 वर्षांची आहे. आम्हाला मूल हवंय. माझी सोनोग्राफी, थायरॉइड, एएमएचची रक्ततपासणी, गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे बघणारा तो दुखरा एक्स-रे, सगळं पार पडलं, तोवर नवऱ्याची वीर्यतपासणी कुणी सुचवलीही नव्हती. ना सुई, ना भूल. 2 ते 7 दिवस संबंध टाळायचा आणि नमुना द्यायचा. शेवटी त्यानेच डॉक्टरांना विचारलं, "माझं काही बघायचं नाही का?" शुक्राणूंची हालचाल कमी निघाली. सिगारेट सोडा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, असं सांगण्यात आलं, कारण नवे शुक्राणू तयार होऊन बाहेर पडायला साधारण तेवढा काळ जातो. आधीच तपासलं असतं तर हे तीन महिने कधीच मागे पडले असते! माझा एएमएच कमी आल्याचं कळल्यावर मात्र घरच्यांनी लगेच सुस्कारे टाकले. अंडाशयात बीजसाठा किती उरलाय याचा तो अंदाज. आपोआप दिवस राहतील की नाही, ते त्यावरून सांगता येत नाही.

ऑफिसने दोन वर्षांसाठी दुसऱ्या शहरात जाणार का, असं विचारलंय. काय उत्तर देऊ? सध्या माझं प्रत्येक वाक्य 'राहिलंच तर' पासून सुरू होतं. ज्याचा अजून पत्ता नाही त्याच्यासाठी रोज फॉलिक अ‍ॅसिड घेते, कारण बाळाच्या मेंदू-मणक्याची घडण दिवस राहिल्याचं बाईला कळायच्या आधीच सुरू होते. पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या. त्यांनी छाती दुखते, सुस्ती येते, आणि दिवस राहिले तरी हेच होतं. शरीराला विचारून उपयोग नाही हे ठाऊक असूनही मी विचारतेच. त्यात कुणी "टेन्शन घेऊ नकोस, आपोआप होईल" म्हणालं की मी विषय बदलते.

पुढच्या लेखात एवढं छापाल का? वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर, आणि बाईचं वय 35 च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच, दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावं. पहिल्याच भेटीत दोघांच्याही तपासण्या मागाव्यात. शरीर कमावायला घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांनी शुक्राणू बनणं थांबू शकतं, हेही लिहा. आणि लेख महिलांच्या पुरवणीत नको, आमच्याकडे ती कुणी पुरुष उघडत नाही. क्रीडा पानावर जागा बघा.

(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)

आपली एक वाचक