पासिंग चुकलेल्यांना वाट द्या

महोदय,

वडिलांच्या आजारपणात माझ्या रिक्षाचं पासिंग, म्हणजे आरटीओकडची योग्यता तपासणी, चार महिने राहून गेलं. चूक माझीच. आठ वर्षांपुढच्या रिक्षाला दरवर्षी पासिंग लागतं, हे मला माहीत होतं. मुदत संपली की कायद्याने गाडीची नोंदणीच वैध राहत नाही, अपघात झाला तर विम्याचा वाद वेगळाच. त्या महिन्यांत शाळेची पोरं मागे बसली की छातीत धडधडायचं.

शेवटी ब्रेक, हेडलाइट, इंडिकेटर दुरुस्त केले, मागे रिफ्लेक्टर पट्टी लावली, मीटर तपासून घेतलं. पण तपासणीची तारीख मिळाली बावीस दिवसांनंतरची! तोवर गाडी दारात उभी, बँकेचा हप्ता मात्र चालूच.

2024 मध्ये पासिंगला उशीर झाल्यास दिवसाला 50 रुपये विलंब शुल्काची वसुली सुरू झाली, तेव्हा राज्यभर रिक्षाचालक रस्त्यावर उतरले. दंडाच्या धाकाने कित्येक जण गाडी तपासणीला नेतच नाहीत आणि तशीच चालवतात, हे मी स्टँडवर रोज पाहतो. प्रवाशांच्या जिवाला धोका आहे तो इथे. परिवहन विभागाने मुदत उलटलेल्या गाड्यांसाठी महिन्यातून एक रविवार राखून ठेवावा, ही कळकळीची विनंती.

– एक रिक्षाचालक, नाशिक