५११ फ्रेमचं तेवढं तू बघ

प्रिय मंद्या,

गणपतीनंतर पत्र नाही म्हणून चिडला असशील. भेटल्यावर हवं तेवढं बोल. माझं बीपी ताब्यात आहे, आईचा गुडघा तसाच. आज लिहितोय कारण ही गोष्ट घरी सांगितली तर सगळे नुसते हं हं करतील.

शिरीषचा जीएसएम (मोबाइल फोनचा) रिसीव्हर बोर्ड एका लॅबने नापास केलाय. बीईआर, म्हणजे चुकलेल्या बिटांचं प्रमाण, भरमसाट, म्हणे. मी आकडे मागवले. उणे १०२ डीबीएम इतक्या क्षीण सिग्नलला जेवढ्या चुका, तेवढ्याच उणे ७० ला! अरे, बोर्ड बहिरा असता तर ३२ डीबी चढवल्यावर चुका जवळपास संपायला नकोत? शिवाय त्या येतात झुंडीने, दर २४० मिलिसेकंदांनी. म्हणजे बरोबर ५२ फ्रेम (एक फ्रेम म्हणजे आठ टाइम-स्लॉटांचा संच).

मग लॅबच्या जनरेटरची (चाचणीचा सिग्नल बनवणारं यंत्र) सेटिंगची फाइल उघडली. स्लॉट ० वर नॉर्मल बर्स्ट (एका स्लॉटात जाणारा बिटांचा गठ्ठा), बाकी सात बंद. त्या बर्स्टमधले बिट असे: टेल ३, डेटा ५७, स्टीलिंग १, ट्रेनिंग २६, पुन्हा १, ५७, ३ आणि गार्ड ८.२५. बेरीज १५६.२५, चोख. ट्रेनिंग सीक्वेन्सही बोर्डाशी जुळणारा. (हॉस्टेलवर रात्रभर भांडला होतास, मधले २६ बिट वाया जातात म्हणून. रिसीव्हरचा इक्वलायझर (सिग्नलमधली विकृती सुधारणारा भाग) त्यांच्याच जिवावर चालतो, आता तरी मान. पैजेचा चहा अजून येणं आहे!) डेटात पीएन९ (ठरलेल्या क्रमाचे, पण कसेही आल्यासारखे वाटणारे बिट), कोडिंग नाही. आणि वेव्हफॉर्मची, म्हणजे जनरेटर पुन्हा पुन्हा वाजवतो त्या सिग्नलच्या फाइलची, लांबी? ५२ फ्रेम.

पीएन९ ५११ बिटांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. एका बर्स्टमध्ये त्यातले ११४ जातात. ५२ फ्रेममध्ये झाले ५९२८, म्हणजे ११ पूर्ण फेऱ्या आणि वर ३०७ बिट. तिथे फाइल संपते, जनरेटर पुन्हा पहिल्या बिटावर येतो, आणि बीईआर मोजणारं यंत्र ३०८व्या बिटाची वाट बघत बसतं. मग पुन्हा जुळेपर्यंत सुमारे निम्मे बिट चूक. ११४ आणि ५११ यांना सामाईक अवयव नाही, त्यामुळे फाइलचा शेवट आणि सुरुवात यांचा सांधा नीट बसायचा तर पुऱ्या ५११ फ्रेम हव्यात. होतात जेमतेम २.३६ सेकंद.

लॅबवाले म्हणतात, स्पेक्ट्रम स्वच्छ आहे, सिग्नलमध्ये खोट नाही. असणारच स्वच्छ! सांधा बंद स्लॉटांच्या शांततेत पडतो, तो स्पेक्ट्रमवर कुठून दिसणार? आणि इकडे शिरीष बोर्डाचा फ्रंट-एंड (सिग्नल आत घेणारा पहिला भाग) बदलायला बसलाय. चांगलं डिझाइन तो स्वतःच्या हाताने मोडेल, याचीच मला धास्ती आहे. कॉलेजपासून तो असाच, कुणी बोट दाखवलं की आधी स्वतःलाच तपासतो. मी सांगितलं तर म्हणतो, तू मित्र म्हणून बोलतोयस. तुझं मात्र ऐकेल.

म्हणून एक कर. तुझ्याकडच्या जनरेटरवर तीच मांडणी ठेव, फक्त लांबी ५११ फ्रेम कर आणि मोजून आकडे थेट त्याला पाठव. बोर्ड मी उद्याच कुरियरने धाडतो. तोवर फोन करून त्याला सोल्डरिंग गन खाली ठेवायला सांग.

सईला कॉलेज मिळालं, ऐकलं. फार आनंद झाला. नवीन जागेत पाण्याचं काय झालं? वहिनींना नमस्कार.

तुझा,
अव्या