दाण्यापासून बिअर

पोर्टलंड, ऑरेगन

ती. दादास सा. न. वि. वि.

माल्टचा तयार अर्क डब्यात मिळत असताना घरी दाण्यापासून बिअर करायचा एवढा खटाटोप कशाला, असं तू फोनवर विचारलंस. तेव्हा सविस्तर बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. अर्क घेतला की बिअरचं निम्मं काम कारखान्यात आधीच उरकलेलं असतं, आणि मला जीव लावून करावंसं वाटतं ते नेमकं तेच काम.

वहिनी नाचणीसत्त्वासाठी नाचणीला मोड आणून वाळवतात, तसंच इथे जवाचं करतात. मोड येताना दाण्यात स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्स तयार होतात. हा माल्ट दुकानातच भरडून मिळतो. दाणा फुटावा, पण टरफल शाबूत राहावं. अगदी पीठ केलं तर गाळताना जीव जातो.

सुरुवातीला फार सामान लागत नाही. पंचवीस लिटरचं पातेलं, जाळीची पिशवी आणि चांगला थर्मामीटर पुरे. १० लिटर बिअरला अडीच किलो माल्ट आणि साधारण १६ लिटर पाणी. पाणी ६९ अंशांवर आलं की गॅस बंद करून पिशवीत माल्ट सोडायचा. तापमान ६६ च्या आसपास उतरतं. मग पातेल्याला जाड ब्लँकेट गुंडाळून तासभर हात लावायचा नाही. ६४ वर ठेवलं तर बिअर हलकी, कोरडी होते. ६९ वर अंगाने भरीव. लोक हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या फुलांच्या, मागे धावतात, पण बिअर कशी होणार ते या तासातच ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

तासाने पांढऱ्या बशीत थेंबभर रस घेऊन त्यात आयोडीन टाकतो. निळं-काळं झालं तर स्टार्च बाकी आहे. आयोडीनचा तपकिरी रंग तसाच राहिला की सगळ्याची साखर झाली. घोटभर चाखलं तर चक्क गोड लागतं!

मग पिशवी निथळून तासभर उकळी. हॉप्स मी कॅस्केड घालतो. ही जात इथल्याच ऑरेगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधनातून १९७२ साली आली. संत्र्या-पपनसाच्या सालीसारखा वास घरभर सुटतो. रस २० अंशांपर्यंत निववून यीस्ट घालायचं. इथून पुढे स्वच्छतेत कसूर चालत नाही, रसाला लागणारं प्रत्येक भांडं निर्जंतुक हवं. दोनेक आठवड्यांत आंबून होते, मग बाटल्या भरायच्या.

इथे हे कायदेशीर आहे. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टरांनी सही केलेल्या केंद्राच्या कायद्याने घरापुरती बिअर करता येते. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय करता येत नाही, तेव्हा तू तिथे प्रयोग करू नकोस. इकडे येशील तेव्हा मिळून करू. सप्टेंबरात ये, ताज्या हॉप्सची तोडणी चालू असते.

चोथा शेजारच्यांच्या कोंबड्या आवडीने खातात. आपल्या म्हशींनाही आवडला असता.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
संजू