मदत करणाऱ्यांनीही एकमेकांना भेटावे

महोदय,

१० सप्टेंबरचा जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन आला की खान्देशात जागोजागी व्याख्याने होतात. पुढे वर्षभर जो तो आपापल्या वाटेने. आमच्या चोपडा तालुक्यातल्या एका घरचा कर्ता माणूस असा गेला, तेव्हा एका संस्थेने शिलाई मशीन दिले, दुसरीने मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च उचलला. दोन्हीकडचे फोटो निघाले. त्या वहिनींना रात्र-रात्र झोप लागत नव्हती, हे मात्र कुणी विचारलेच नाही. आणि या दोन संस्थांना एकमेकींचा पत्ताही नव्हता! खरे तर अशा घरात मागे राहिलेल्यांनाही धोका असतो.

जळगाव, धुळे, नंदुरबारमधील शेतकरी, महिला, विद्यार्थी यांच्यासाठी झटणाऱ्या संस्थांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञ आणि आशाताईंनाही बोलवावे. कोणत्या घरी कोण जाणार, पुन्हा कधी जाणार, एवढे ठरले तरी पुष्कळ. घरच्यांची परवानगी घेऊनच माहिती एकमेकांना द्यावी. गावात कुजबुज व्हायला वेळ लागत नाही. जाणारा माणूस अहिराणी, पावरी बोलणारा हवा. अहिराणीत रडणाऱ्या बाईला प्रमाण मराठीतले प्रश्न परके वाटतात.

मानसिक आरोग्यासाठी सरकारची १४४१६ ही ‘टेली मानस’ हेल्पलाइन २०२२ पासून मोफत सुरू आहे. बाजार समितीत भावाच्या फलकाशेजारी हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लावता येईल. बॅनरवर आधी नाव कुणाचे, यावरून पहिलीच बैठक मोडू नये म्हणजे झाले.

– एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)