रात्रीची सिस्टर हवी, मराठी समजणारी माणसंही हवीत

सप्रेम नमस्कार.

इंदूरमधल्या आपल्या वृद्धाश्रमातर्फे हे आवाहन करत आहोत.

पावसाळ्यातल्या एका रात्री एक आजी उठून बसल्या. "पोटात कालवतंय गं, जीव घाबरा होतोय," एवढंच सांगत राहिल्या. ड्यूटीवरची मुलगी देवासकडची, माळवी बोलणारी. तिला फक्त पोटाचं कळलं. तिने गॅसची गोळी दिली, पहाटेपर्यंत पाठ चोळली. सकाळी ईसीजीत हार्ट अटॅक निघाला. आजींना मधुमेह आहे, आणि हार्ट अटॅकमध्ये मधुमेह्यांच्या छातीत दुखतंच असं नाही. आजी वाचल्या. त्या मुलीला आम्ही बोल लावत नाही. रात्री शिकलेली सिस्टर ठेवणं आम्हालाच जमलेलं नाही.

इंदुरात दवाखान्यांना तोटा नाही. सत्तरी गाठलेल्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचारही मिळतात, पण ते भरती झाल्यावर. आमचं अडतं ते त्याआधी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर २ तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडापाशी जखम होते आणि ती भरता भरत नाही. रक्तातलं सोडियम उतरलं की माणूस असंबद्ध बोलू लागतो, आणि बघणाऱ्याला वाटतं, वय झालं.

आमच्याकडचे एक आजोबा जन्मभर कचेरीत हिंदी बोलले. स्मृतिभ्रंशात ती हिंदी गेली, लहानपणची मराठी तेवढी उरली. डॉक्टर "कहाँ दर्द है?" विचारतात तेव्हा ते नुसते बघत राहतात. "कुठे दुखतंय, काका?" म्हटलं की हात गुडघ्यावर जातो.

म्हणून रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगरातल्या मंडळींनो, डॉक्टर तपासायला येतात तेव्हा आठवड्यातून तासभर या आणि शेजारी बसा. निवृत्त सिस्टर असाल तर आमच्या मुलींना शिकवा.

पितृपक्षात जेवण देणाऱ्यांची आमच्याकडे रांग असते, त्यांचे उपकार आहेतच. यंदा आई-वडिलांच्या नावाने रात्रपाळीच्या एका सिस्टरचा खर्च उचलाल का? पगार दर महिन्याला द्यायचा असतो. थोडी पण नेमाने आलेली रक्कम आम्हाला जास्त उपयोगी पडेल.

गोळ्यांच्या उघडलेल्या पट्ट्या, उरलेली औषधं मात्र पाठवू नका. घरात एअर बेड किंवा व्हीलचेअर वापराविना पडली असेल तर अवश्य द्या. एअर बेडचा पंप चालतो ना, तेवढं पाहून घ्या.